वाचक विचारतात: गॉगल लावले तरी दर्या काळाच

प्रश्न: दाबोळीच्या बाजूला राहतो. अमावास्येलाही नौदलाची हेलिकॉप्टरं समुद्राकडे जाताना ऐकू येतात. नाइट व्हिजन गॉगल लावले की वैमानिकाला दिवसासारखंच दिसत असेल ना? मग हे काम अवघड का मानतात?
– एक वाचक, वास्को

दिवसासारखं? नाही हो. नौदलात हेलिकॉप्टर उडवण्याची माझी निम्मी नोकरी झाल्यावर हे गॉगल पहिल्यांदा माझ्या हेल्मेटला लागले. जमिनीवरचा सराव झकास झाला: झाडं, रस्ते, बांधावरची गुरं, सगळं हिरवं पण स्वच्छ. चार दिवसांनी किनारा ओलांडला आणि दोन मिनिटांत पाटी पुसावी तसं चित्र कोरं झालं. मला वाटलं, बॅटरी गेली. ती बदलायला लागलो तर शेजारच्या सीटवरचे सर म्हणाले, "बॅटरी ठीक आहे रे. खाली बघण्यासारखं काही नाहीये."

गॉगल उजेड निर्माण करत नाहीत. चंद्राचा, ताऱ्यांचा जो काही उजेड असेल त्याचे नळीत इलेक्ट्रॉन होतात, ते कित्येक पटींनी वाढून फॉस्फरच्या, म्हणजे इलेक्ट्रॉन आदळले की चमकणाऱ्या पदार्थाच्या, इवल्याशा पडद्यावर आदळतात. आपण बघतो तो हा पडदा. पण शेतात बांध असतो, झाड असतं, त्यावरून उंचीचा अंदाज येतो. शांत पाण्यावर नजर अडकायला काहीच नसतं. हवा धुरकट असली की क्षितिजही जातं. मग समोरचा ठिपका तारा की ट्रॉलर, सांगता येत नाही. एरवी डोळ्यांना जवळजवळ 200 अंशांचं दिसतं, गॉगलच्या पुंगळ्यांतून 40. म्हणून मान सारखी फिरवायची, तीही अर्ध्या किलोचं ओझं डोळ्यांपुढे टांगून. माझ्या मणक्यांना विचारा!

पाण्यावर एका जागी थांबायचं म्हणजे तर कसोटी. पंख्याच्या वाऱ्याने तुषारांचं कडं बाहेर पळतं, आणि आपणच मागे सरकतोय असं वाटतं. मन म्हणतं दांडा पुढे ढकल, काटे म्हणतात हलू नकोस. पाण्यात जळता फ्लोट, म्हणजे तरंगणारी मशालच, टाकला की नजरेला एक खुंटी मिळते. उंचीसाठी मात्र रेडिओ अल्टिमीटरच, आणि तो गॉगलच्या खालून, उघड्या डोळ्यांनी वाचायचा.

आणि पंचांग. आमच्या क्रूरूममधल्या कॅलेंडरवर मी तिथी बघायचो, तेव्हा उत्तरेकडची पोरं हसायची. पण संकष्टीचा चंद्र नऊच्या सुमाराला उगवतो हे ठाऊक असलेला माणूस आठचं उड्डाण किती काळोखात होणार ते आधीच ओळखतो. तोच चंद्र नुकताच वर येऊन नाकासमोर असला तर आणखी पंचाईत: गॉगल आपोआप मंद होतात आणि बाकीचं चित्र काळवंडतं. बॉम्बे हायच्या तेलफलाटांवरच्या ज्वाळाही हेच करतात.

तरी गॉगल हवेतच. 1982 च्या फॉकलंड युद्धात ब्रिटिश नौदलाच्या 846 स्क्वाड्रनचे सी किंग हेलिकॉप्टरांचे वैमानिक ते लावून काळोखात कमांडो उतरवत होते. 14 मेच्या रात्री त्यांनी पेबल बेटावर पोचवलेल्या सैनिकांनी 11 अर्जेंटिनी विमानं निकामी केली. ही हेलिकॉप्टरं निघाली होती 'हर्मिस' या विमानवाहू नौकेवरून. तीच 1987 मध्ये आपली 'विराट' झाली. तिच्या डेकवर मीही उतरलोय, पण बिनगॉगलचा.

प्रश्न: थंडीत आमच्याकडे लाटा निळ्या चमकतात. गॉगलमधून ते आणखी झगमगत असेल?
– एक वाचक, मालवण

उलट! कॉकपिटचे दिवे पूर्वी लाल असत, म्हणजे डोळे अंधाराला सरावलेले राहत. गॉगलना लाल उजेड सहन होत नाही, म्हणून हे दिवे निळसर-हिरवे झाले आणि त्यांनी गॉगल दिपू नयेत म्हणून भिंगांवर निळा-हिरवा उजेड अडवणारा फिल्टर आला. तुमच्या लाटांचा उजेड नेमका त्याच रंगाचा. एकदा जहाजावर उतरून गॉगल वर केले. डोळे सरावायला थोडा वेळ गेला, आणि मग जहाजामागे लांबवर पसरलेला निळा पट्टा दिसला. त्याच्यावरून आम्ही तासभर घिरट्या घालत होतो.