आधी मुळं बघ, मग खत

भाताच्या पानांवर तांबूस ठिपके आले म्हणून लगेच युरिया मारू नकोस. एक रोप चिखलातून अलगद उपट, मुळं धू. गोव्यातल्या डिचोलीकडच्या लोहखनिजाच्या खाणपट्ट्यात त्यांवर गंजासारखा नारिंगी लेप दिसेल. घाबरू नकोस, भाताचं मूळ प्राणवायू सोडून विरघळलेलं लोह तिथंच अडवतं. लोह फारच वाढलं, की हा बचाव पुरत नाही आणि पानांवर ते ठिपके येतात. मुळं काळी पडून कुजका वास आला तर शेतातलं पाणी थोडे दिवस काढ.

मोरडीच्या, म्हणजे उंचावरच्या जमिनीच्या, लाल मातीत भाजी लावलीस तर दुखणं वेगळं. सामू (pH, मातीच्या आंबटपणाचं माप) ५ च्या खाली गेला की ॲल्युमिनियम विरघळतं, मुळांची टोकं आखूड आणि जाड होतात, घातलेलं स्फुरदही (फॉस्फरस) लागू पडत नाही. तिथं चुना घाल, पण माती तपासून, अंदाजाने नव्हे.