कुंपण आधी की वजनकाटा?

प्रश्न : आमचं साठ हेक्टर कुरण आहे. त्यावर तीस गाई वर्षातले आठ महिने चरतात, बाकीचे महिने विकतचा चारा घालतो. पाणवठ्याजवळ आता माती उघडी पडलीय. लांबच्या चढावर मात्र गवत उभ्याउभ्या वाळून जातं. धाकटा भाऊ म्हणतो, कुरणाचे आठ भाग पाडून तारेचं कुंपण घालू, जनावरं फिरवू, गवत वाढेल. मला खर्चाची धास्ती वाटते. काय करावं?

उत्तर : तार घेण्याआधी वजनकाटा आणि कात्री घ्या. आणि भावालाही सोबत न्या, निम्मं भांडण तिथंच मिटेल.

गवत उगवायच्या सुमारास दहा-बारा ठिकाणी जाळीचे पिंजरे ठेवा, म्हणजे तिथलं गवत जनावरांच्या तोंडी लागणार नाही. वाढ पूर्ण झाली की प्रत्येक पिंजऱ्यातलं एक चौरस मीटर गवत जमिनीलगत कापा, कागदी पिशवीत वजन घटायचं थांबेपर्यंत वाळवा आणि तोला. फक्त हिरव्यागार जागा निवडू नका. उजाड जागेत पिंजरा ठेवायला लाज वाटते, पण तोही ठेवायचा आणि शून्य आलं तरी शून्य लिहायचं. सरासरी जितके ग्रॅम येतील त्याला दहाने गुणलं की हेक्टरी किलो मिळतात.

समजा सरासरी २०० ग्रॅम आली. म्हणजे हेक्टरी २,००० किलो, साठ हेक्टरांवर १२० टन. आकडा ऐकून भाऊ खूश होईल. पण यातलं निम्मं गवताचं स्वतःचं आहे, त्याला हात लावायचा नाही. उरलेल्यातलंही बरंच पायाखाली तुडवलं जातं, शेणामुताने खराब होतं, किडे खातात. गाईच्या पोटात ढोबळमानाने पाव जातं : ३० टन. चारशे किलोची गाय दिवसाला सुमारे १० किलो सुका चारा खाते, म्हणजे तीस गाईंना रोज ३०० किलो. ३० टन शंभर दिवस पुरतात. तुम्ही चारता आठ महिने, म्हणजे २४० दिवस! तुमचा आकडा वेगळा येईल, पण जमीन उघडी पडतेय त्याअर्थी फार वेगळा येईल असं मला वाटत नाही.

निम्मं सोडायचं ते का? अमेरिकेच्या कृषी खात्यातले फ्रँकलिन क्रायडर यांनी १९५५ साली गवतं कापून मुळांवर काय परिणाम होतो ते मोजलं. निम्म्यापर्यंत पाला कापला तर मुळांची वाढ जवळपास चालू राहिली. ८० टक्के कापल्यावर ती थांबलीच. मुळं खोल गेली नाहीत की पुढच्या कोरड्या आठवड्यात तेच गवत आधी मरतं आणि त्याची जागा जनावरं न खाणारं तण घेतं.

आता कुंपण. मी कुंपणाच्या विरोधात नाही, पण त्याच्याकडून नको ती अपेक्षा ठेवू नका. २००८ साली संशोधकांच्या एका गटाने तोवरचे चराईचे प्रयोग एकत्र तपासले. जनावरांची संख्या सारखी असेल तर फिरवून चारण्याने गवत किंवा जनावरांचं वजन ठळकपणे वाढल्याचं त्यांना दिसलं नाही. कितीही तार ओढा, शंभर दिवसांचे २४० होत नाहीत. (तार विकणारा हे सांगणार नाही, ते त्याचं कामही नाही.)

तुमच्याकडे चढावरचं गवत वाया जातंय ते गाई पाणी सोडून लांब जात नाहीत म्हणून. तिथे पाण्याची टाकी नेता आली तर उत्तम. नाहीच जमलं तर चाटण-विटा (जनावरांनी चाटायच्या मीठ-खनिजांच्या विटा) पाणवठ्यापासून दूर, चढावर ठेवा आणि अधूनमधून जागा बदला. एवढं करूनही कुंपण हवंच असेल तर आठ नाही, तीन-चार भाग पुरे. दर वर्षी पहिली चराई वेगळ्या भागात सुरू करा. कोवळ्या गवताला सलग दोन वर्षं आधी तोंड लावलेलं सोसत नाही.

संख्या कमी करणं जड जातं, ठाऊक आहे. वरच्या हिशेबाने आठ महिन्यांसाठी बाराच गाई बसतात. एका झटक्यात अठरा विका असं म्हणणार नाही. भाकड आणि म्हाताऱ्या आधी काढा, चराईचे महिने घटवा. पाऊस अमुक तारखेपर्यंत झाला नाही तर कोणत्या गाई जाणार, ती यादी आजच लिहून ठेवा. दुष्काळात सगळेच विकायला निघतात, तेव्हा भाव पडलेला असतो.

प्रश्न : त्यापेक्षा कुरण पाच वर्षं पूर्ण बंद ठेवलं तर?

उत्तर : उघड्या पडलेल्या तुकड्यापुरतं ठेवा, तेही गवताचे ठोंब अजून जिवंत असतील तर. ठोंबच उरले नसतील तर नुसतं बंद करून गवत परतेल याची खात्री नाही, बी पेरावं लागेल. बाकी कुरण सगळं बंद ठेवायची गरज नाही. बऱ्याच झुपकेदार गवतांत जुना वाळका पाला साचून नव्या फुटव्यांना उजेड मिळत नाही. शिवाय तीस गाई त्या काळात कुणाच्या तरी कुरणावर जाणारच ना?