हार्डडिस्क नवीन टाकली तरी क्लिप खराबच, आता काय?

प्रश्न : भाऊ, दर्यापूर तालुक्यात आपला छोटासा फोटो स्टुडिओ हाय. लग्नाचं शूटिंग कार्डावरून पीसीत टाकतो तर दोन-चार क्लिपमधे मधातच हिरवे-गुलाबी चौकोन येतात, कधी फाइलच उघडत नाई. कार्डावर पाह्यलं तर क्लिप चांगली. दुकानदार म्हणे हार्डडिस्क गेली. नवीन टाकली तरी तेच, अन् आता तर मधीमधी डिस्कच गायब होते. बोर्ड सेकंडहँड घेतला होता, इंटेल एच६७ चा. बोर्डानं डेटा खराब होते काय, का व्हायरस हाय? पार्टीले काय सांगू?

उत्तर : भाऊ, पहिले कार्ड फॉरमॅट करणं थांबवा आणि त्या डिस्कवर चेकडिस्क (विंडोजचं डिस्क दुरुस्तीचं टूल) चालवू नका. बोर्डच गडबड करत असेल तर दुरुस्ती म्हणून डिस्कवर जे लिहिल्या जाईल तेही चुकीचं जाऊ शकते, मग आज जे उघडतंय तेही हातचं जाईल. ओरिजिनल क्लिप कोणाच्या तरी लॅपटॉपवर काढून ठेवा, पार्टीचं काम तिथूनच करून द्या.

व्हायरस वाटत नाही. बोर्डानं डेटा खराब होतो, हे नवीन नाही, २००१ च्या सुमारास व्हिआ कंपनीच्या बोर्डावरच्या ६८६बी चिपमुळे मोठ्या फाइल एका डिस्कवरून दुसरीवर टाकताना खराब व्हायच्या. आणि तुमच्या एच६७ बद्दल तर इंटेलनं स्वतः ३१ जानेवारी २०११ ला जाहीर केलं होतं की चिपसेटमधे, म्हणजे बोर्डावरच्या मुख्य चिपमधे, दोष आहे. आतल्या एका ट्रान्झिस्टरला गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज जात होतं, त्यामुळे साटाचे (डिस्क जोडायचे) ३ गिगाबिटवाले पोर्ट, म्हणजे २ ते ५ नंबरचे, वापरता वापरता कमजोर होत जातात. ० आणि १ नंबरचे ६ गिगाबिटवाले ठीक राहतात. सुधारलेली चिप बी३ म्हणून आली. सीपीयू-झेड हे पीसीची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर उघडून मेनबोर्डच्या टॅबमधे साउथब्रिजपुढे (तिथे हीच चिप दिसते) पहा, बी२ दिसलं तर तुमचा बोर्ड दोषवाल्या लॉटमधला आहे.

पण एवढ्यावर बोर्ड फेकू नका. साटामधे प्रत्येक वेळी डेटा तपासून घेतात, चूक सापडली तर परत मागवतात, म्हणून पोर्ट खराब असला की कॉपी रेंगाळते, डिस्क गायब होते. तुमची डिस्क गायब होते ते याच्याशी जुळतं. मात्र कॉपी बिनबोभाट पूर्ण झाली आणि क्लिप आतून खराब निघाली तर मला रॅमवर जास्त संशय येतो. रॅममधेच बिट बदलला तर साटाला काय कळणार, त्याच्याकडे आलं तेच चुकीचं! तुमच्याकडे दोन्ही दुखणी एकत्र असू शकतात.

म्हणून रॅम तपासणारं मेमटेस्ट८६+ पेनड्राइव्हवर टाकून रात्रभर चालवा, एका वेळी एकच रॅम लावून, लाइन जाते तिथे यूपीएस लागेलच. एकही एरर आला तरी ती रॅम दुसऱ्या स्लॉटमधे लावून पहा, रॅम वाईट का स्लॉट ते कळेल. मग डिस्क ० नंबरच्या पोर्टला, नवीन केबलनं लावा आणि एक मोठी क्लिप कॉपी करा. विंडोजमधल्या सर्टयूटिल कमांडनं दोन्हीकडच्या फाइलचा एसएचए२५६ हॅश (फाइलच्या डेटावरून निघणारा कोड, डेटा जरा बदलला तरी तो बदलतो) काढा, पण कॉपीनंतर पीसी रिस्टार्ट करूनच, नाहीतर विंडोज रॅममधली कॉपी वाचून सगळं बरोबर दाखवते. डिस्कवरच्या फाइलचा हॅश दरवेळी तोच पण चुकीचा आला तर गडबड लिहिताना झाली, दरवेळी वेगवेगळा आला तर वाचताना होतेय. एका वेळी एकच गोष्ट बदला, केबल, पोर्ट, रॅम सगळं एकदम बदललं तर काहीच कळत नाही.

रॅम पास झाली, ० नंबरवर हॅश जुळला, तर २ ते ५ रिकामे ठेवून हाच बोर्ड चालवा. जुळलाच नाही तर बोर्ड बदला, आणि यावेळी सेकंडहँड घेताना साउथब्रिज पाहूनच पैसे द्या.

आणि ती काढलेली जुनी डिस्क दुकानदाराकडून मागून घ्या. दुसऱ्या पीसीला लावून क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमधे पहा. १९९ नंबरच्या ओळीत (तिथे सी७ दिसेल) सीआरसी एरर, म्हणजे डेटा ये-जा करतानाच्या चुका, भरपूर आणि खराब सेक्टरच्या ५ अन् १९७ नंबरला (०५ अन् सी५) शून्य असेल तर दोष बहुतेक केबलचा नाहीतर पोर्टाचा, ती डिस्क बॅकअपसाठी कामात येऊ शकते.