30×40 च्या प्लॉटवर घर बांधायचं आहे. नकाशा स्वतः कॉम्प्युटरवर काढता येईल का? कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं आणि काय काळजी घ्यावी?

काढता येईल. विट्याजवळच्या आमच्या घराचा मी काढला होता, आणि मी इंजिनिअर नाही, बँकेत नोकरी करतो. पण माऊसला हात लावायच्या आधी शंभर फुटी टेप आणि सोबत एक माणूस घेऊन प्लॉटवर जा. तुम्ही 30×40 लिहिलंय म्हणून तुमचं काम सोपं आहे. चारही कोपरे काटकोनात असतील, तर समोरासमोरच्या कोपऱ्यांमधलं अंतर बरोबर 50 फूट भरलं पाहिजे. गवंडी 3-4-5 ने काटकोन धरतात तोच हा हिशोब, फक्त दहापट. दोन्ही कर्ण मोजा. आमचा प्लॉट कागदावर अगदी सरळ आयत होता, आणि जागेवर एक कर्ण दुसऱ्यापेक्षा सव्वा फूट जास्त निघाला. हे मला कळलं तेव्हा पंधरा दिवस खपून काढलेला नकाशा तयार होता, दिवाणखान्यात सोफा वगैरे मांडून. सगळा पुसला.

चार बाजू आणि एक कर्ण हातात असला की प्लॉटचा आकार पक्का होतो. दुसरा कर्ण पडताळ्यासाठी.

सॉफ्टवेअर म्हणाल तर मी 'स्वीट होम थ्रीडी' वापरलं. फुकट आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं, आणि एकदा उतरवून घेतलं की इंटरनेट लागत नाही. वर नकाशा काढायचा, खाली त्याचं थ्रीडी आपोआप उभं राहतं. ऑटोकॅड एका घरासाठी विकत घेऊ नका. स्केचअप चांगलं आहे, पण नवख्या माणसाचा वेळ भिंती सरळ उभ्या करण्यातच जातो.

लेआउटचा नकाशा स्कॅन करून यात पार्श्वभूमीला लावता येतो. त्यावरची माहीत असलेली एक लांबी दाखवून 'ही रेघ इतक्या मापाची' असं सांगायचं. झेरॉक्सची झेरॉक्स असेल तर आडवं आणि उभं अशी दोन्ही मापं तपासा. कागद एका बाजूला ताणलेला असतो.

आता भिंती. बहुतेकांचा घोळ इथेच होतो. या सॉफ्टवेअरमध्ये नवीन भिंतीची जाडी मुळात साडेसात सेंटिमीटर धरलेली असते, म्हणजे जेमतेम तीन इंच. आपल्याकडे बाहेरची भिंत नऊ इंची आणि आतली साडेचार इंची विटेची. त्यावर बाहेरून पाऊण इंच आणि आतून अर्धा इंच गिलावा. म्हणजे बाहेरची भिंत सव्वादहा इंच (26 सेंमी) आणि आतली साडेपाच इंच (14 सेंमी). प्रेफरन्सेसमध्ये जाऊन हे आकडे आधी भरा आणि मगच पहिली रेघ ओढा. भिंतीची उंचीही तिथेच बदला, कारण ती मुळात अडीच मीटर असते.

फरक किती पडतो ते सांगतो. समजा घराची बाहेरून बाहेर रुंदी 24 फूट आहे आणि शेजारीशेजारी दोन खोल्या काढायच्या आहेत. घरात सगळे म्हणतात, बारा-बाराच्या दोन. पण दोन बाहेरच्या भिंती आणि मधली एक मिळून 26 इंच खातात. प्रत्येक खोली आतून 10 फूट 11 इंच. बाराची नाहीच. हे बायकोला तोंडी सांगून पटलं नव्हतं, पडद्यावर आकडा दिसल्यावर पटलं. सॉफ्टवेअरचा मला झालेला सगळ्यात मोठा उपयोग हाच.

त्याच आकड्यावर मी पुढे आपटलो. मी युनिट दशांश फुटात ठेवलं होतं आणि 10 फूट 11 इंच म्हणून बिनधास्त 10.11 टाइप केलं. दशांशात 10.11 म्हणजे दहा फूट सव्वा इंच! एका फटक्यात खोली दहा इंचांनी आखडली. थ्रीडीमध्ये दहा इंच कुणाच्या लक्षात येतात? 10 फूट 6 इंचाचं 10.6 लिहिलं तर चूक सव्वा इंचाचीच होते, त्यामुळे ती आणखी लपते. तेव्हा युनिट 'फूट-इंच' ठेवा, नाहीतर सरळ सेंटिमीटरमध्ये काम करा. मी पुढे सेंटिमीटरच धरले आणि गवंड्यासाठी शेवटी एका कागदावर फूट-इंच काढून दिले. भिंत ओढत असताना एंटर दाबलं की लांबी आकड्यात टाकता येते. माऊसने अंदाजे ओढू नका.

जिना हा दुसरा सापळा. कॅटलॉगमध्ये जिना तयार मिळतो, पण सॉफ्टवेअरच्या लेखी तो खुर्चीसारखाच एक नग. तुम्ही दाबाल तितका दबतो आणि ताणाल तितका ताणला जातो. मी तो सहा बाय सहाच्या कोपऱ्यात कोंबला. दिसायला देखणा. आमच्या गवंडीमामांनी प्रिंट बघून एवढंच विचारलं, "पायऱ्या किती?" खालच्या फरशीपासून वरच्या फरशीपर्यंत दहा फूट म्हणजे 120 इंच. एक पायरी सात इंच उंच धरली तर 17 चढाव होतात. पाय ठेवायला दहा इंच पाहिजेत. मध्ये वळणाचा जिना केला तर लांब फेरीत नऊ चढाव, पण पाय ठेवायच्या पायऱ्या आठच (नववा चढाव चौथऱ्यावर नेतो), म्हणजे 80 इंच, आणि पुढे वळायला तीन फुटांचा चौथरा. लांबी झाली 9 फूट 8 इंच. तीन-तीन फुटांच्या दोन फेऱ्या शेजारी म्हणून रुंदी सहा फूट आणि मधली फट. सहा बाय सहामध्ये तो बसला असता, पण शिडी म्हणून. जिन्याची जागा कागदावर हिशोबाने काढा, तेवढा चौकोन नकाशात आधी राखून ठेवा आणि मग बाकीच्या खोल्या बसवा.

फर्निचरचंही तसंच. त्यातले ओटे, पलंग, कपाटं परदेशी वळणाची आहेत. घरातलं लोखंडी कपाट, वॉशिंग मशीन, पिठाची चक्की, पलंग, सगळं टेपने मोजा आणि कॅटलॉगमधल्या वस्तूला ती मापं द्या. देवघर मिळणार नाही, साधा खोका ठेवून त्याला नाव द्या. दार कुठल्या बाजूला उघडतं ते बघा. आमच्या पहिल्या नकाशात बेडरूमचं दार कपाटावरच आपटत होतं.

एक गंमत जरूर करा. थ्रीडीमध्ये माणूस होऊन घरात फिरता येतं, आणि त्या माणसाची उंची बदलता येते. मी आईची उंची टाकली, चार फूट दहा इंच. स्वयंपाकघरात उभं राहून खिडकीबाहेर फक्त आभाळ दिसत होतं. दारात कोण आलंय ते तिला दिसायला हवं होतं, म्हणून खिडकी खाली घेतली. होकायंत्राने उत्तर दिशा आणि आपलं ठिकाण भरलं की फोटो काढताना तारीख-वेळ देता येते. मेमधली दुपारी चारची वेळ टाकून पश्चिमेचं ऊन कुठवर येतं ते पाहा. (वास्तुशास्त्र बघणारे नातेवाईकही हाच बाण विचारतात, तो आधीच लावलेला बरा.)

वरचा मजला करणार असाल तर तो वेगळ्या लेव्हलवर काढा. खालच्या भिंती फिकट दिसत राहतात, त्यामुळे वरची भिंत खालच्या भिंतीवर येतेय का ते कळतं. वरचं संडास खालच्या स्वयंपाकघरावर तर येत नाही ना, हेही तिथेच बघा. कॉलम, बीम, सळई, ड्रेनेजचा उतार यातलं मात्र सॉफ्टवेअरला काही कळत नाही. पंचवीस फूट अधांतरी स्लॅब काढलात तरी ते हूं की चूं करणार नाही. उतरतं छप्पर हवं असेल तर त्यासाठी सोपं बटण नाही, तुकडे आणून जुळवावे लागतात. मी तो नाद सोडला.

बांधकाम परवानगीचा नकाशा तुमचा चालणार नाही, तो परवानाधारक आर्किटेक्ट किंवा इंजिनिअरच्या सहीचा लागतो आणि मीटरमध्ये असतो. डिसेंबर 2020 पासून मुंबई आणि काही भाग वगळता राज्यात एकच बांधकाम नियमावली आहे. पुढे-मागे-बाजूला किती जागा सोडायची ते तुमच्या रस्त्याची रुंदी आणि प्लॉट सांगून इंजिनिअरकडून पहिल्याच दिवशी लिहून घ्या, आणि त्या रेघा नकाशात सगळ्यात आधी ओढा. त्या न ओढता काढलेलं घर हमखास मोठं निघतं. आमच्या इंजिनिअरने माझी फाइल उघडलीही नाही. 1:100 ला काढलेली पीडीएफ घेतली, दोन कॉलमसाठी मधली भिंत सरकवली आणि बाकी जवळपास तसंच पुन्हा काढलं. त्याच्याकडच्या फेऱ्या मात्र वाचल्या, कारण घरातली भांडणं आधीच पडद्यावर मिटली होती.

फाइल रोज नव्या तारखेच्या नावाने सेव्ह करा. बायकोला तिसऱ्या महिन्यात पहिल्या आठवड्यातलंच स्वयंपाकघर परत हवं होतं.

कर्ण मोजून झाले की इथेच लिहा. 50 भरले नाहीत तर चारही बाजूंची मापं द्या, तिरकस प्लॉट त्यात कसा काढायचा ते सांगतो.