मसुरी-लंढौर, पायी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : डिसेंबरच्या शेवटी आम्ही चौघं मसुरीला जातोय. एक अख्खा दिवस गाडी न करता, निवांत पायी फिरायचंय. लंढौर, कॅमल्स बॅक रोड आणि मॉल रोड एका दिवसात होईल का? (धरमपेठ)

उत्तर : होईल, पण मग ती नुसती हजेरी लागेल. कॅमल्स बॅक रोड दुसऱ्या दिवशीसाठी ठेवा. तो साधारण तीन किलोमीटरचा, जवळपास सपाट रस्ता आहे, पण डोंगराच्या उत्तर अंगाने जातो. हिवाळ्यात तिथे ऊन फार थोडं पोचतं, म्हणून बारा ते दोनच्या मधे जा.

पहिला दिवस मसुरीला लागून वर असलेल्या लंढौरचा. साडेआठला मॉल रोडच्या पिक्चर पॅलेस टोकापासून निघा आणि घंटाघर, लंढौर बाजार करत ‘चार दुकान’ नावाच्या वरच्या चहा-नाश्त्याच्या ठिकाणापर्यंत चढा. चढ छातीवर येणारा आहे. दहा मिनिटं चालून दोन मिनिटं थांबलं तरी तास-सव्वातासात पोचाल. वर देवदारांतून इंग्रजी आठच्या आकड्यासारखा रस्ता फिरतो, त्याला तिथे ‘चक्कर’ म्हणतात. लाल टिब्बा या उंच जागेवरून हवा स्वच्छ असेल तर बंदरपूंछ हे हिमशिखर दिसतं. पुढे सिस्टर्स बाजार, केलॉग चर्च आणि परत चार दुकान. चहा-मॅगी तिथेच. उतरताना बुटाची नाडी घोट्याशी घट्ट बांधा, नाहीतर बोटं पुढे आपटून नखं दुखतात.

पाचच्या आत मॉल रोडच्या लायब्ररी टोकाला या, कारण खरी गंमत सूर्य बुडाल्यावर आहे. खाली डेहराडूनच्या दून खोऱ्यात थंड हवा साचते, तिच्यावर उबदार हवेचं झाकण बसतं आणि धूळ, धूर, बाष्प खालीच अडकतं. त्या थराची वरची कड सरळ रेघेसारखी दिसते, जणू दुसरं क्षितिज. वर नारिंगी पट्टा, खाली जांभळट करडा. हीच ‘विंटरलाइन’. थंडीतल्या सकाळी आपल्याकडे वस्तीवर धूर आडवा पसरून राहतो ना, त्याचंच हे मोठं रूप. सूर्य गेला म्हणून लगेच उठू नका, पुढची वीस-पंचवीस मिनिटं रंग बदलत राहतात. ढग असतील तर मात्र काहीच दिसणार नाही.

प्रश्न : मी जाड जॅकेट घेतलंय. तेवढं पुरेल ना? (मनीषनगर)

उत्तर : नागपूरकरांची हीच चूक होते. चढताना जॅकेटच्या आत घाम येतो, चहाला थांबलं की तोच घाम गार पडतो आणि हुडहुडी भरते. आतून थर्मल, वर पातळ लोकरीचा स्वेटर, त्यावर वारा अडवणारं विंडचीटर घाला. जाड जॅकेट पिशवीत ठेवा, थांबल्यावर चढवा. सुती बनियन नकोच, ते ओलं झालं की लवकर वाळत नाही. निघताना किंचित थंडी वाजत असेल तर कपडे बरोबर आहेत. मोबाइल आतल्या खिशात ठेवा, गारठ्यात बॅटरी भराभर उतरते.

प्रश्न : बर्फ पडला नसेल तर साधे स्पोर्ट्स शूज चालतील का? (महाल)

उत्तर : तळवा झिजलेला नसेल तर चालतील. भीती बर्फाची कमी, पाल्याची जास्त. तिथे ‘पाला’ म्हणजे झाडाचा नव्हे, गोठलेलं दव. रात्री ओल्या रस्त्यावर त्याचा काचेसारखा पापुद्रा धरतो आणि डांबर नुसतं ओलं दिसतं. पाऊस नसताना सावलीतलं वळण चकाकलं की सावध व्हा. पावलं आखूड टाका, पूर्ण तळवा टेकवा, हात खिशाबाहेर ठेवा, कडेच्या खडबडीत भागावरून चला. टाचेवर जोर दिला की माणूस पाठीवर पडतो. बूट नवे घेणार असाल तर पंधरा दिवस आधी घ्या आणि रोज सकाळी फुटाळा तलावावर घालून फिरा.

प्रश्न : आईचं वय ७१, गुडघे दुखतात. तिला हॉटेलातच ठेवावं का? (प्रतापनगर)

उत्तर : अजिबात नाही. चार दुकानपर्यंत टॅक्सीने न्या. वरच्या चक्करवर खालच्यासारखा दमछाक करणारा चढ नाही. हातात काठी द्या, जमेल तेवढं चालू द्या. उतरायलाही टॅक्सीच, गुडघ्यांना उतार जास्त जाचतो.

प्रश्न : वाटेत खायला संत्री नेली तर? (बर्डी)

उत्तर : जरूर न्या. फक्त रस्त्यात उभं राहून सोलू नका, माकडं हातातून ओढतात. पिशवी बंद ठेवा, दुकानाच्या आत बसून खा आणि सालं पिशवीतच परत आणा.