जबड्याच्या ऑपरेशनआधी भूलतज्ज्ञ तोंडात बोटं घालायला लावून काय बघतात?

वडील ६२ वर्षांचे, बीपीची गोळी चालू, जबड्यातली गाठ पूर्ण भूल देऊन काढायची आहे. भूलतज्ज्ञांनी आदल्या दिवशी येऊन आधी तोंडच उघडायला का लावलं, आणि ऑपरेशनभर ते उशाशी नुसते बसून असतात का, असं तुम्ही विचारलंय. मी रत्नागिरी जिल्ह्यात हेच काम करतो, म्हणून सांगतो.

साधा दात काढायला हिरडीतलं इंजेक्शन पुरतं. पूर्ण भुलीत मात्र श्वास आम्हालाच नळीतून द्यावा लागतो. पोटाच्या ऑपरेशनात तोंड माझ्या ताब्यात असतं. इथे सर्जनलाही तेच हवं असतं. त्यामुळे नळी बऱ्याचदा नाकातून घालतो. ती नीट जाईल का, हे आदल्या दिवशीच कळलं पाहिजे. पेशंटची स्वतःची तीन बोटं उभी, एकावर एक, पुढच्या दातांमध्ये मावली तर ठीक. दोनच मावली की मी सावध. मग जीभ बाहेर काढून पडजीभ दिसते का, मान मागे जाते का, कुठला दात हलतोय, कवळी आहे का, हे सगळं.

आपल्याकडे ह्यात सुपारी येते. घरच्या बागेतली म्हणून कुणी तिला व्यसन मानत नाही. पण वर्षानुवर्षं चघळून गालाची आतली बाजू ताठ होते आणि तोंड उघडेनासं होतं. सुरुवातीच्या काळात मी एकदा फाईलवरचं 'तोंड उघडणे : ठीक' वाचून निर्धास्त राहिलो. मासेमारी बंदीचे दिवस, होडीवरचा एक खलाशी अक्कलदाढेसाठी आलेला. टेबलावर घेऊन म्हटलं, आ करा. जेमतेम दीड बोट! "डॉक्टर, एवढंच उघडतं. भाकरी आमटीत भिजवून खातो." भूल दिली नव्हती, हे नशीब. अशाला जागेपणीच दुर्बिणीने नाकातून नळी घालतात, आणि ती दुर्बीण आमच्याकडे नव्हती. सकाळपासून उपाशी माणूस तसाच परत, मग मोठ्या गावी पाठवला. चूक माझीच होती.

आता उशाशी बसण्याबद्दल. ईसीजी सतत चालू, बीपी निदान दर ५ मिनिटांनी, बोटाला ऑक्सिजनचा चिमटा (नेलपॉलिश काढायला लावतो ते ह्यासाठीच). पण माझी नजर सर्वात जास्त असते कॅप्नोग्राफवर. प्रत्येक उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड तो लाटेसारखा दाखवतो. आकडा साधारण ३५ ते ४५. चेहरा हिरव्या कापडाखाली, सर्जनने डोकं वळवलं, नळी निसटली, तर चिमटा काही काळ खुशाल ९९ दाखवत राहतो, कारण फुप्फुसात ऑक्सिजनचा साठा असतो. लाट मात्र लगेच सपाट होते. पावसात आमच्याकडे वीज जाते तेव्हा मॉनिटर बॅटरीवर चालतो, पण माझा एक हात तरी नाडीवर जातोच. सवय.

घशात ओल्या गॉजची गुंडाळी ठेवतो, रक्त आणि पाणी खाली उतरू नये म्हणून. ती ठेवल्याचं फळ्यावर लिहितो, आणि नळी काढण्याआधी ती बाहेर आली असं मोठ्याने बोलतो. विसरली तर श्वासच अडेल.

तुमच्या बाजूचं काम : दूध, दुधाचा चहा, पेज किंवा हलकं खाणं ६ तास आधी बंद, तळलेलं-मटण ८ तास. नुसतं पाणी २ तास आधीपर्यंत चालतं. बीपीची गोळी मनाने बंद करू नका. बहुतेक गोळ्या घोटभर पाण्याबरोबर घ्यायच्या असतात, एखादी त्या दिवशी थांबवतात, तेव्हा गोळ्यांची पिशवीच दाखवा. रक्त पातळ करायची गोळी असेल तर आजच सांगा. आणि बाबांच्या खिशात सुपारीची डबी असेल, तर तुम्ही नसताना त्यांना माझ्यासारख्याशी दोन मिनिटं बोलू द्या. मुलांसमोर कुणी खरं सांगत नाही.