भिंतीलगतचे पेव्हर पुन्हा पुन्हा का खचतात?

प्रश्न : काळ्या मातीत बांधलेल्या आमच्या घराला तीन वर्षे झाली. भिंतीलगतचे पेव्हर ब्लॉक दोन-अडीच इंच खचलेत आणि पावसाचे पाणी जोत्याला लागून साचते. दोनदा ब्लॉक काढून खाली कच (दगडाचा बारीक चुरा) भरली, तरी पुढच्या पावसाळ्यात तेच. घर तर खचत नाही ना?
— एक वाचक, परभणी

उत्तर : भिंतीपासून दोन-तीन फुटांतलेच ब्लॉक बसले असतील आणि पलीकडचे जागेवर असतील, तर बहुधा पायासाठी खोदलेल्या चरात नंतर भरलेली माती, म्हणजे भराव, बसतो आहे. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी चीर निघाली असेल किंवा दारे चौकटीत अडकू लागली असतील, तर मात्र ब्लॉकला हात लावण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा.

चर बुजवताना खोदून काढलेली काळी ढेकळे बरेचदा तशीच आत लोटतात. ढेकळांमध्ये पोकळ्या राहतात. पाणी मुरले की ढेकळे मऊ पडून खाली बसतात. वरून कच भरून ही पोकळी जात नाही. पाणी सोडून भराव बसवायचा उपाय वाळूला चालतो, काळ्या मातीला नाही. ती पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते.

खड्डा बशीसारखा आणि सांडपाण्याच्या चेंबरजवळ असेल तर आधी गळती शोधा. चेंबरचे तोंड बंद करून पाणी भरा, पातळीवर खूण करा, अर्ध्या तासाने बघा. पाणी उतरले तर आधी चेंबर आणि पाइपचे सांधे दुरुस्त करा, नाहीतर सगळा खर्च पाण्यात जाईल.

मग तीन फुटांचा पट्टा उघडा आणि दोन फूट खोल माती काढा. त्याखालीही ढेकळे भुसभुशीत लागली तर आणखी खाली जा, पण पायाच्या तळाखाली जाऊ नका. भरायला मुरूम घ्या. नुसती खडी किंवा वाळू इथे नको; काळ्या मातीत तिची विहीर होते आणि पाणी पायाशीच साठते. मुरमाचा सहा इंचांचा थर टाका, मुठीत दाबल्यावर गोळा होईल पण पाणी गळणार नाही इतपत ओला करा, धुम्मस (हाताने ठोकायचे जड अवजार) किंवा प्लेट कॉम्पॅक्टर (माती दाबायचे यंत्र) वापरून ठोका, मगच पुढचा थर. तीस फूट लांबीला सव्वादोन ते अडीच ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) मुरूम लागेल. या ठोकण्यातच सगळे काम आहे. इथे मजुरीची काटकसर करू नका.

वर तीन-चार इंच काँक्रीट करा, ढाळ भिंतीपासून बाहेर, तीन फुटांत पाऊण इंच. भिंतीला लागून अर्ध्या इंचाची फट सोडून डांबरी मसाल्याने भरा. ब्लॉकखाली कच एकच इंच. उंचसखलपणा झाकायला गवंडी तीन-तीन इंच कच टाकतात, ती सरकते. सांध्यांत कोरडी बारीक वाळू झाडा, बाहेरच्या कडेला कर्ब (ब्लॉक सरकू न देणारी कडेची पट्टी) पक्का करा. गाडी उभी राहत असेल तर ब्लॉक ८० मिमीचे घ्या.

गच्चीचा पाइप कोपऱ्यातच सांडत असेल तर तो दहा फूट लांब नेऊन सोडा. काम दिवाळीनंतर काढा. तेव्हा माती ओलसर असते, चिखल नसतो.